वर्गात मोबाईल उभा केला, त्याच्या नोंदी (जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, चार जिल्हा परिषद शाळांमधले आम्ही सहा शिक्षक. आपलाच तास व्हिडिओवर बघायचा आणि त्यातून काही शिकता येतं का ते पाहायचं, एवढाच हा उद्योग. दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर आमचे पैसे आणि शनिवार जिथे वाया गेले तिथे त्यांचे जाऊ नयेत, म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशा, नंतर कळलेलं अधेमधे घालून, ठेवतोय. मुलांची, शिक्षकांची, शाळांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

२२ जून २०२४, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या शाळेत बसलो. विषय नेहमीचाच निघाला. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एक आदर्श पाठ होतो. घेणाऱ्याने आठवडाभर तयारी केलेली असते, मुलांना उत्तरं पाठ असतात. आपण टाळ्या वाजवतो, चहा पितो आणि सोमवारी वर्गात जाऊन होतं तसंच शिकवतो. 'दीक्षा' या सरकारी अ‍ॅपवर व्हिडिओ ढीगभर आहेत, पण ते दुसऱ्याच्या वर्गाचे. आपल्या वर्गात आपली पाठ फिरली की काय चालतं, ते आपल्याला कधीच दिसत नाही.

डी.एड.ला सूक्ष्म अध्यापन सगळ्यांनीच केलंय. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ते सुरू झालं तेव्हा व्हिडिओ हा त्याचा महत्त्वाचा भाग होता: छोटा पाठ घ्यायचा, लगेच बघायचा, पुन्हा घ्यायचा. आमच्या अध्यापक विद्यालयापर्यंत येईतो त्यातला कॅमेरा गळून पडला होता आणि निरीक्षण तक्ता तेवढा उरला होता. तो आम्ही एकमेकांचे बघून भरायचो.

माणशी ५०० रुपये काढले, ३००० जमले. नियम वगैरे काही ठरवले नाहीत. "आपलीच माणसं आहेत," असं मीच म्हणालो. हे ऑगस्टमध्ये भोवलं.

२ जुलै, मंगळवार

पालकांची संमतीपत्रं. पहिला मसुदा मी लिहिला आणि तो एखाद्या परिपत्रकासारखा झाला. "उपरोक्त विषयान्वये" पासून सुरुवात. ११० प्रती झेरॉक्स केल्या, मुलांच्या दप्तरातून घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी बहुतेक सह्या-अंगठे होऊन परत आल्या. मला वाटलं, काम झालं. मग एका मुलाची आजी शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, सही केली म्या, पर ह्यो फोटू जायाचा कुठं?" म्हणजे कुणीच वाचलं नव्हतं. गुरुजींनी कागद पाठवलाय म्हणजे सही करायची, एवढंच.

त्या सगळ्या सह्या बाजूला ठेवल्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, हे खरं. पण कायदा नसता तरी अशा सहीला अर्थ नव्हता. पालकसभेत उभं राहून चार वाक्यांत सांगितलं: तासाचा व्हिडिओ निघेल. तो आम्ही सहा शिक्षकच बघू. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाही. नको असेल तर 'नको' म्हणा, मुलाला काही त्रास होणार नाही. तीच चार वाक्यं नव्या कागदावर छापली. पुन्हा ११० झेरॉक्स.

या वेळी सगळ्या शाळा मिळून पाच पालकांनी 'नको' म्हटलं. त्यातली दोन मुलं माझ्या वर्गातली. ती चित्रात येऊ नयेत म्हणून मी त्यांना मागे, कॅमेऱ्याच्या पाठीशी बसवलं. सुट्टीत त्यातला एक विचारतो, "सर, आम्ही काय केलं?" मागे बसवणं म्हणजे शिक्षा, हे वर्गात आपणच शिकवलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मुलं त्यांच्या जागी आणि कॅमेराच असा वळवला की ती खिडकीकडची रांग चित्रात येत नाही. त्यामुळे त्या रांगेतली दुसरी चार मुलंही दिसत नाहीत. ते चालवून घेतलं.

९ जुलै, मंगळवार

पहिलं चित्रीकरण, माझ्याच तिसरीच्या वर्गात. मोबाईल मागच्या कपाटावर पुस्तकांच्या आधाराने उभा केला, तोंड फळ्याकडे. संध्याकाळी घरी बघितलं. हाती काय लागलं:

माझी पाठ. २२ मुलांच्या डोक्यांच्या मागच्या बाजू. फळ्याशेजारच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडामुळे फळा काळा ठिक्कर. आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज, अखंड. पाटणचा जुलै ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. माझं बोलणं मधूनच कुठेतरी ऐकू येत होतं, मुलांचं एक अक्षरही नाही.

शिवाय २३ व्या मिनिटाला व्हिडिओ संपला. फोनचं सेटिंग फोर-केवर, म्हणजे फार मोठी फाइल होणाऱ्या दर्जावर होतं, जागा भरली. ते आधी बघायचं सुचलं नाही.

१३ जुलै, शनिवार

अख्खा शनिवार सामानात गेला. ट्रायपॉड ६५० रुपये, ठीक. कॉलरला लावायचा वायरचा माईक ७५०. घरी येऊन बघतो तर माझ्या फोनला ती गोल पिन घालायला भोकच नाही, नुसतं टाइप-सी. कराडला परत. दुकानदाराने १८० चा कनेक्टर दिला. त्यातून गाणी ऐकू येतात, पण माईक चालत नाही. पुढच्या शनिवारी ४५० चा घेतला, तो चालला. घेणाऱ्यांनी दुकानातच फोनला जोडून, अर्धा मिनिट रेकॉर्ड करून, ऐकून मगच पैसे द्यावेत. पिनवरच्या काळ्या रेघा मोजाव्यात: तीन असतील तर फोनसाठी, दोन असतील तर बहुधा कॅमेऱ्यासाठी.

पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, ४८० रुपये. ४० मिनिटांचा एक पाठ त्यावर जाईना. जागा आहे, तरी 'फाइल मोठी आहे' म्हणतो. अर्ध्या तासाने कळलं की पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तो घेतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, प्रश्न मिटला. त्याच दिवशी फोनचं सेटिंग फोर-केवरून खाली, ७२० वर आणलं. आता ४० मिनिटांचा पाठ साडेतीन जीबीच्या आसपास येतो. सिनेमा काढायचा नाहीये, मुलाचे ओठ आणि बोटं दिसली की झालं.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी फोन एरोप्लेन मोडवर. हे मी दुसऱ्या पाठात शिकलो, पोषण आहाराच्या तांदळाबद्दल फोन आला तेव्हा.

२४ जुलै, बुधवार

कॉलर माईकने माझा आवाज उत्तम आला. नको तेवढा उत्तम. ३६ मिनिटांत मी किती बोलतो हे पहिल्यांदा कळलं. मुलांचा आवाज मात्र अजूनही नाही, कारण माईक माझ्या शर्टाला आणि मुलं वर्गभर.

उपाय आमच्यातल्या धाकट्या सरांनी काढला. दुसरा एखादा जुना फोन नुसता आवाज रेकॉर्ड करायला लावायचा आणि तिसऱ्या रांगेत एका दप्तरावर ठेवायचा, खाली रुमाल घालून, नाहीतर बाक सरकला की कडाड. दोन्ही फोन सुरू केले की वर्गात एक जोरात टाळी वाजवायची. नंतर दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज आणि चित्र जुळतं. सिनेमावाले पाटी आपटतात ते याचसाठी. मुलांना टाळी इतकी आवडली की आठवडाभर व्हिडिओ नसतानाही "सर, टाळी राहिली" चालू होतं.

मुलं कॅमेऱ्याकडे बघून दात काढतात, याला औषध सोपं आहे. ट्रायपॉड आठ दिवस वर्गात नुसता उभा ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी टोपी अडकवली, पाचव्या दिवसापासून कुणी बघेना.

१० ऑगस्ट, शनिवार

सगळ्यात वाईट दिवस. सविस्तर लिहितो.

पहिली बैठक. पहिली-दुसरीच्या बाईंचा मराठीचा तास सगळ्यांनी मिळून बघितला, पूर्ण ४० मिनिटं. दहाव्या मिनिटाला दोघं मोबाईलमध्ये गेले. बाकीच्यांच्या तोंडून जे आलं ते असं: "अक्षर छान आहे हं मॅडमचं." "तो मागचा बघा, लक्षच नाही." "मी असतो तर इथे चित्रं दाखवली असती." "आवाज जरा चढा लागतो तुमचा." शेवटी सगळ्यांनी "खूप छान पाठ" म्हटलं. बाई हसून "हो हो" म्हणत होत्या. कुणी काही वाईट बोललं नाही, आणि तरी ते बघताना मला अवघडल्यासारखं झालं. निरीक्षणाला आलेला माणूस बोलतो तसंच आम्ही बोलत होतो. दुसरं बोलणं आम्हाला येतच नव्हतं.

पण खरी घाण मी केली होती, तीन दिवस आधी. त्याच पाठातला तीन मिनिटांचा तुकडा, मुलं बडबडगीत म्हणतात तो, मला आवडला म्हणून केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. बाईंना विचारलं नाही. कौतुकच तर करतोय, असं वाटलं. तो तुकडा तिथून पुढे कुठे कुठे गेला. बाईंना तो त्यांच्या जावेने दाखवला, तेही "अगं, किती बारीक झालीस" म्हणून. आज बैठक संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं आणि म्हणाल्या, "सर, मी यात नाही आता." पालकांना दिलेलं चार वाक्यांतलं तिसरं वाक्य मीच मोडलं होतं.

'सर्वांसाठी डिलीट' करायला गेलो तर मुदत उलटून गेली होती. ग्रुपवर माफी मागून सगळ्यांना तो काढायची विनंती केली. किती जणांनी काढला, देव जाणे. ज्या मुलांचे चेहरे त्यात होते त्यांच्या घरी बाई आणि मी जाऊन सांगितलं. सात घरं, दोन संध्याकाळी. एकही पालक रागावला नाही, त्याने आणखीनच लाज वाटली.

१७ ऑगस्ट, शनिवार

पाचच जण जमलो. जे जूनमध्ये लिहायला हवं होतं ते आज लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. व्हिडिओ ज्याचा त्याचा. तो त्याच्याच फोनवर आणि त्याच्याच पेनड्राइव्हवर राहील, माझ्याकडेही नाही. बैठकीत काय दाखवायचं ते तोच ठरवेल, चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. बघितल्यावर पहिल्या फेरीत फक्त 'काय दिसलं' एवढंच बोलायचं. 'छान', 'असं करायला हवं होतं', 'मी असतो तर' हे तिन्ही बंद. सत्र संपलं की फाइल पुसायची.

आणि पुढचा व्हिडिओ माझा. ही शिक्षा म्हणून कुणी सुचवली नव्हती, पण मला ती हवी होती.

३१ ऑगस्ट, शनिवार

एक बदल केला आणि त्याने सगळंच बदललं: ट्रायपॉड फळ्याच्या कोपऱ्यात ठेवला, तोंड मुलांकडे. मी चित्रात जवळजवळ नाहीच, कधीतरी कोपर दिसतं. १९९९ च्या टिम्स (गणित-विज्ञान शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास) व्हिडिओ अभ्यासात सात देशांतले आठवीचे तास टिपले, तेव्हा दोन कॅमेरे वापरले होते, एक शिक्षकाच्या मागोमाग फिरणारा आणि एक मुलांवर रोखलेला. आमच्याकडे एकच होता, आणि इतके दिवस तो आम्ही चुकीच्या माणसावर लावत होतो.

तास हातच्याच्या वजाबाकीचा. फळ्यावर ५२ − २७. एका मुलाने येऊन ३५ लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन, तीन. तिसरीला शिकवणाऱ्या कुणालाही ही चूक झोपेतही ओळखता येईल. मी विचारलं, "बरोबर आहे का?" सगळा वर्ग, "बरोबरssर!" मग माझा चेहरा बघून, "नाहीsss!" हा सूर तासातासाला ऐकून माझ्या कानांना तो ऐकू येईनासा झालाय. व्हिडिओत मात्र तो मुलांच्या चेहऱ्यांसकट दिसतो: २० मुलं फळ्याकडे बघतच नाहीयेत, माझ्याकडे बघतायत.

मग मी काड्यांचे गठ्ठे काढले. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. एक गठ्ठा मी सोडला. मीच सोडला, मीच मोजला, मीच लिहिलं. २५. छान समजावलं, असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

हा चार मिनिटांचा तुकडा मी निवडला होता त्या ३५ वाल्या मुलासाठी. सगळे 'काय दिसलं' ते सांगत होते. आणि धाकटे सर म्हणाले, "तिसऱ्या रांगेतली ती मुलगी काहीतरी खोडतेय."

मागे नेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मी गठ्ठे काढायच्या आधीच, म्हणजे फळ्यावर ३५ चालू असताना, ती मांडीवर बोटं मोजतेय. ओठ हलतायत. पाटीवर काहीतरी लिहिते. मग मी फळ्यावर मांडणी करतो, दशकाच्या डोक्यावर चार, एककाच्या डोक्यावर बारा. ती एकदा फळ्याकडे बघते, एकदा पाटीकडे, आणि फडक्याने पाटी पुसून टाकते. मग फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेते.

दप्तरावरचा फोन तिच्यापासून दोन हातांवर होता. त्यातला आवाज काढून ऐकला. पावसाने उघडीप दिली होती म्हणून नशीब. अगदी हळू: "सत्तावीस… तीस, तीन… चाळीस… पन्नास, वीस… दोन… पंचवीस."

तिने २७ पासून ५२ पर्यंत उड्या मारल्या होत्या. तीन, वीस, दोन. उत्तर बरोबर, रीत तिची स्वतःची, आणि माझ्या काड्यांच्या गठ्ठ्यांपेक्षा सरळ. आणि ती तिने पुसली, कारण ती फळ्यावरच्यासारखी दिसत नव्हती. मी तिच्यापासून आठ फुटांवर उभा होतो.

पाच-सात मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग चौथीच्या बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात रोज कोण काय पुसत असेल, कोण जाणे." 'काय दिसलं' या फेरीच्या नियमात हे बसत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही.

सोमवारी तिला जवळ बोलावून विचारलं. आधी म्हणाली, "चुकलं होतं सर." पुन्हा करून दाखव म्हटल्यावर दाखवलं. घरी सुट्टे पैसे मोजताना असंच मोजतात म्हणे. आईचं किराणा दुकान आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

गणपतीच्या सुट्टीनंतर दोन तुकडे बघितले. आज मोजायचा नाद लागला. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि हाच थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक होतात. प्रशिक्षणात हे ऐकलेलं होतं, त्याच दिवशी विसरलेलं होतं. आज घड्याळ लावून आपलेच व्हिडिओ मोजले. मी: बहुतेक वेळा सेकंदभरही नाही. दोनदा तर उत्तर मीच दिलं.

धाकट्या सरांनी पुढच्या आठवड्यात प्रश्न विचारून मनात तीन आकडे मोजायला सुरुवात केली. त्यांचा व्हिडिओ बघताना हसू आवरेना. सर प्रश्न विचारतात आणि एखाद्या मुलाकडे डोळे रोखून गप्प उभे राहतात; ते पोर घाबरून शेजाऱ्याच्या मागे सरकतं. वर्गात शांतता म्हणजे सर रागावलेत, हा मुलांचा अनुभव. दोन आठवड्यांनी जे चाललं ते साधं होतं: प्रश्न विचारला की "आधी पाटीवर लिहा" म्हणायचं आणि आपण रांगांमधून फिरायचं. थांबणं आपोआप होतं, कुणी घाबरत नाही, आणि पुसायच्या आधी पाटी बघायला मिळते.

३० सप्टेंबर, सोमवार

वरून फोन. आम्ही असं काही करतोय हे कळलं होतं. "चांगला उपक्रम आहे, दोन-तीन उत्कृष्ट व्हिडिओ द्या, वर पाठवायचेत. आणि प्रत्येकाचा एक दिला तर भेटीच्या वेळी निरीक्षणाला तो धरता येईल." पहिलं एकवेळ समजू शकतो. दुसऱ्याने आमचा सगळा खेळ एका दिवसात मोडला असता. ३५ लिहिणाऱ्या मुलाचा तुकडा निरीक्षणाला जाणार म्हटलं की कोण निवडेल तो?

सरळ 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला सांगू. "पालकांची संमती फक्त सहा जणांपुरती आहे" हे सांगितलं. ते खरंही होतं आणि कागदावरही होतं. वर पाठवायला धाकट्या सरांनी बेडूक आणि त्याच्या वाढीच्या टप्प्यांचा एक नीटनेटका पाठ वेगळा काढून दिला. तो सगळ्यांना आवडला. आमच्या दृष्टीने त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

ऑक्टोबर, नोव्हेंबर

काही नाही. परीक्षा, पेपर तपासणं, दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेचं काम. २० नोव्हेंबरला मतदान, त्याआधी प्रशिक्षणं. सहापैकी पाच जण ड्यूटीवर. सात आठवडे एकही चित्रीकरण नाही. पुढच्या वर्षी हे काम जुलै ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी एवढंच धरायचं, मध्ये ओढूनताणून करायचं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

पहिली-दुसरीच्या बाई परत आल्या. मी बोलावलं नव्हतं. चौथीच्या बाईंनी त्यांना ती पाटी पुसण्याची गोष्ट सांगितली होती. येताना स्वतः काढलेला, स्वतः निवडलेला तुकडा घेऊन आल्या. त्यांची शाळा दोनशिक्षकी, म्हणून दोन वर्ग एका खोलीत.

तुकड्यात त्या पहिलीला काना-मात्रा शिकवतायत आणि दुसरीची सात मुलं बसून आहेत. नुसती बसून. दंगा नाही, काही नाही. एक जण पेन्सिलीला टोक करतोय, टोक मोडतोय, पुन्हा करतोय. बाईंनी सांगितलं, चार मिनिटांचंच दाखवतेय, पण हे ११ मिनिटं असंच आहे. "दंगा केला असता तर माझं लक्ष गेलं असतं. गप्प बसतात म्हणून राहून जातात."

या वेळी कुणी 'मी असतो तर' म्हणालं नाही. दोनशिक्षकी शाळेत आम्ही सगळेच राहिलेलो, त्या सात मुलांना आम्ही सगळे ओळखत होतो.

१४ डिसेंबर, शनिवार

बाईंनी पहिलीला हात लावायच्या आधी दुसरीला काम लावून दिलं: जोडीने वाचायचं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवायचं. पुन्हा चित्रीकरण. रिकामा वेळ तीनेक मिनिटांवर आला. पण दुसरीच्या मोठ्याने वाचण्यात पहिलीचं कुणालाच ऐकू येईना, आणि पहिलीतली दोन मुलं तर उठून दुसरीचं वाचन ऐकायला गेली. बाईंचं म्हणणं, ती दोन मुलं त्या दिवशी जास्त शिकली. दुसरीला आता व्हरांड्यात बसवून बघणार आहेत, पावसाळा नाही तोवर.

११ जानेवारी २०२५, शनिवार

चौथीच्या बाईंचे तीन पाठ गेले. त्यांच्या मुलाने गेम टाकायला जागा हवी म्हणून फोनमधल्या 'सगळ्यात मोठ्या फाइली' पुसल्या. फोन बरोबर त्याच दाखवतो. संध्याकाळीच पेनड्राइव्हवर घेऊन फोनमधून काढायचं ठरलं होतं, झालं नव्हतं. त्यातला एक भागाकाराचा पाठ होता ज्याबद्दल त्या दोन आठवडे उत्सुकतेने सांगत होत्या. तोंडी सांगितला. तोंडी सांगताना तो आपोआप चांगला होत गेला, हे त्यांनाच जाणवलं आणि मध्येच थांबून त्या हसल्या.

तुकडा निवडायला लागणारा वेळ हा इथवर सगळ्यांचा मोठा अडथळा होता. ४० मिनिटांतून चार मिनिटं शोधायला सुरुवातीला दीड तास जायचा, तोही रात्री जेवणानंतर. आता तास संपल्या संपल्या टाचण वहीच्या (पाठाची तयारी लिहायची वही) कडेला लिहून ठेवतो: "११.२० च्या सुमारास, भागाकार, मुलं गोंधळली." मग पंचवीस मिनिटांत होतं. हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर सहा जणांच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिशेब. ट्रायपॉड ६५०, माईक ७५०, न चाललेला कनेक्टर १८०, चाललेला ४५०, पेनड्राइव्ह ४८०, झेरॉक्स दोन वेळा मिळून ४४०. एकूण २९५०. उरलेल्या ५० चा आज चहा. पेट्रोल कुणी धरलं नाही. बाकीच्यांनी आपापले पेनड्राइव्ह घरचे वापरले. खरं सांगायचं तर कॉलर माईक सप्टेंबरनंतर डब्यातच आहे. शिक्षकाचा आवाज कमी आला तरी चालतो, दप्तरावरचा जुना फोन पुरतो. म्हणजे १३८० रुपये मला आता कुणी मागितले तर देणार नाही.

१९ पाठ काढले. आठ फुकट गेले: चार पावसात, तीन जानेवारीत पुसले गेले, एकात ट्रायपॉड हळूहळू खाली मान घालत गेला आणि शेवटची पंधरा मिनिटं फरशीची आहेत. उरलेल्या ११ पैकी नऊंचे तुकडे बैठकीत आले.

काल पुन्हा वजाबाकी घेतली, आता तीन अंकी. त्या मुलीला फळ्यावर बोलावलं आणि म्हटलं, तुझ्या रीतीने कर. व्हिडिओत ती फळ्यावर रेघ मारते, त्यावर उड्या काढते, प्रत्येक उडीवर आकडा लिहिते. मध्ये एकदा थांबून माझ्याकडे बघते. मी काही बोललेलो दिसत नाही. मग मागे वळून वर्गाला काहीतरी सांगते, बराच वेळ, हातवारे करून. दोन मुलं उठून उभी राहून काहीतरी विचारतात, ती पुन्हा सांगते. काय सांगते ते कळत नाही. टाळी वाजवली होती, पण दप्तरावरच्या फोनचं बटण दाबायचं राहिलं.